डाव्या कानाला दिलेला निरोप

मी एक जुना टेलिफोन आहे. काळा, वजनदार, आणि अंगावर एकही आकडा नसलेला. अमेरिकेत, ओहायोतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात, करपलेला टोस्टर आणि मान कललेला टेबलाचा दिवा यांच्या मधोमध मी फळीवर पडून असतो. शाळा सुटली की मुले येतात. माझा रिसीव्हर कानाला लावून 'हॅलो, हॅलो' करतात, मग नंबर फिरवायची चकती शोधू लागतात. ती काही सापडत नाही. "बिघडलाय हा," असे म्हणून ती मला खाली ठेवतात आणि टोस्टरची कळ दाबून बघतात.

मित्रांनो, मी बिघडलेला नाही. मला चकती कधी नव्हतीच. दुकानदाराला मी हे सांगू शकत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे माझ्याबरोबर खूप भावंडे तयार झाली. त्या सगळ्यांच्या छातीवर चकती बसली. माझी पाळी आली तेव्हा एका बाईने कागद पाहिला आणि चकतीच्या जागी गोल पत्रा ठोकून मला पुढे सरकवले. माझ्यात काहीतरी बसवायचे राहून गेले, असे मला वाटले. भावंडे घराघरांत गेली. त्यांना बारशाच्या बातम्या ऐकायला मिळाल्या असतील, सासवांच्या तक्रारी आणि प्रेमाची कुजबुजही. मला मात्र एका बेसबॉलच्या मैदानावर नेले.

पोलादाच्या मिलवर जगणाऱ्या आमच्या गावाचा स्वतःचा संघ होता. त्याचे नाव हॅमर्स. सर्वांत मोठ्या लीगच्या एक पायरी खाली तो खेळे. त्यामुळे वर जायची स्वप्ने पाहणारी पोरे आणि वरून खाली आलेली माणसे एकाच बाकावर बसत. तो बाक होता डाव्या कुंपणाबाहेर, बुलपेनमध्ये. बुलपेन म्हणजे बैलांचा कोंडवाडा. फलंदाजाला चेंडू टाकणारा पिचर दमला किंवा मार खाऊ लागला, की त्याच्या जागी पाठवायचे राखीव पिचर तिथे दिवसभर बसून असत. त्या कोंडवाड्याच्या भिंतीवर, गळक्या पत्र्याखाली, मला स्क्रूने आवळले. माझी तार मैदानाखालून पार पलीकडे, मॅनेजर बसतो त्या डगआउटपर्यंत जात असे. त्याने तिकडचा रिसीव्हर उचलला की मी इकडे वाजे. माझे सगळे जग एवढेच होते.

मला फार शब्द वाहावे लागत नसत. "पीटला उठव," "हर्बला उठव," एवढेच. उठव म्हणजे बाकावरून उठवून त्याचा हात गरम कर, त्याला खेळायला पाठवायचे आहे. पण तेवढ्यासाठी माणसांचा जीव कसा टांगणीला लागायचा, ते मी पाहिले आहे. मी वाजलो की माझ्याकडे कुणी बघत नसे. शेंगदाणे सोलणारी बोटे तेवढी थांबत. मग एक नाव निघे. एकजण उठून उभा राही, आणि बाकीचे आपल्याला काही नकोच होते असा चेहरा करून पुन्हा शेंगदाणे सोलू लागत.

मला उचलायचा मान ड्युई हॉलंडचा. तो बुलपेनचा कोच होता. युद्धात तोफांशेजारी राहून त्याचा डावा कान कायमचा गेला होता. "डावा कान म्हणजे रविवारचं दुकान," तो म्हणे, "बाहेरून पाटी छान, आत कुणी नाही." मला तो नेहमी उजव्या कानाला लावी. रोज सामन्याआधी रुमालाने माझी धूळ पुसताना म्हणे, "काय राजे, आज कुणाचं नशीब उघडताय?" माझे कौतुक आयुष्यात तेवढेच झाले, पण मला ते पुरत असे.

माझ्या सर्वांत जवळ बसे तो कॅस ग्राबोव्स्की. वयाने बाकावर सर्वांत थोरला. एका उन्हाळ्यात तो वरच्या मोठ्या लीगमध्येही खेळून आला होता, पण तो उन्हाळा केव्हाच सरला होता. त्याचा चेंडू आता हळू येई आणि शेवटच्या क्षणी लाजल्यासारखा वळे. पोरे त्याला चिडवत, "कॅस, तुझा चेंडू पोचेपर्यंत फलंदाज सँडविच खाऊन घेतो." कॅस हसून म्हणे, "मग पोट भरल्यावर त्याला झोप येते. तेच तर हवंय मला." पण एकसष्ट सालच्या ऑगस्टपासून माझ्यातून त्याचे नाव एकदाही आले नव्हते. मी वाजलो की तो बुटाची नाडी बांधायला खाली वाके, म्हणजे चेहरा कुणाला दिसू नये. ती नाडी मुळात सुटलेली नसे.

त्याच वर्षी सप्टेंबरात, हंगामाच्या शेवटच्या तीन सामन्यांना, कुंपणालगतच्या स्वस्त बाकांवर एक म्हातारा येऊन बसू लागला. कॅसचा बाप, अंतोनी. जन्म पोलंडचा, आणि इथे आल्यापासूनचे सारे आयुष्य पोलादाच्या भट्टीसमोर गेलेले. त्याने पोराला खेळताना एकदाही पाहिले नव्हते. आधी सुट्टी नव्हती म्हणून, आणि खरे सांगायचे तर, चेंडू फेकणे हे काम आहे हेच त्याला पटत नव्हते म्हणून. त्या उन्हाळ्यात मिलने त्याला निवृत्त केले. घरात बसवेना, तेव्हा तो मिलला न्यायचा तोच पत्र्याचा डबा घेऊन इथे आला. डब्यात काळा पाव आणि कांदा.

पहिल्या दिवशी तो जाळीपाशी येऊन उभा राहिला. कॅसला तो घरच्या नावाने काझ्यो म्हणे, आणि कॅस बापाला तातो.

"काझ्यो, तू इथं काय करतोस?"

"बसलोय, तातो."

"ते दिसतंय. काम काय करतोस?"

"बोलावण्याची वाट पाहतो."

"आणि बोलावलंच नाही तर?"

"तर बसतो."

म्हाताऱ्याने बाकावरच्या सगळ्यांवर एक नजर फिरवली. "मिलमध्ये असे बसला असतात, तर फोरमननं भट्टीत घातलं असतं एकेकाला."

सगळा बुलपेन खो खो हसला. कॅसही हसला, आणि मग बुटाची नाडी बांधू लागला.

म्हाताऱ्याला खेळातले ओ की ठो कळत नव्हते. पण माणूस हुशार. आजूबाजूचे लोक काय करतात ते पाहून शिकत होता. त्याच दिवशी आमच्या एका फलंदाजाने असा काही फटका मारला, की चेंडू म्हाताऱ्याच्या डोक्यावरून कुंपणापार गेला. लोक उड्या मारू लागले. शेजारच्या जाड्या माणसाने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि आपल्या शेंगदाण्यांची पिशवीच त्याच्या हातात दिली.

"चेंडू इकडे आला की चांगलं?" म्हाताऱ्याने विचारले.

"अहो, याहून चांगलं जगात काही नसतं!" जाड्या ओरडला.

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि ते पक्के लक्षात ठेवले.

दुसऱ्याही दिवशी कॅसला कुणी उठवले नाही. जाताना बाप जाळीशी थांबून म्हणाला, "उद्या तरी उठवतील का रे? आईला सांगून आलोय की बघून येतो." कॅस म्हणाला, "बघू." त्याला दुसरे काय म्हणता येणार होते?

शेवटच्या दिवशी सामना सुरू व्हायच्या आधीच मी वाजलो. बाकावर अजून कुणी नव्हते. ड्युईने मला उजव्या कानाला लावले. पलीकडे मॅनेजर बर्ट लोमॅक्स होता.

"ड्युई, कॅसला उद्या संघातून मोकळं करतोय. ऑफिसात बोलावून मीच सांगेन. तू तोंड बंद ठेव."

"आज खेळव ना त्याला."

"कशाला?"

"त्याचा बाप आलाय, बर्ट. तीन दिवस येऊन बसतोय. एक फलंदाज दे फक्त."

"मी काय इथं खिरापत वाटायला बसलोय? हा सामना हरलो तर आपण तळाला जातो." आणि लोमॅक्सने फोन ठेवला.

ड्युईने मला जागेवर ठेवले. त्या दिवशी त्याने माझी धूळ पुसली नाही. मित्रांनो, ती बातमी माझ्या पोटात होती आणि कॅस माझ्या शेजारी येऊन बसला, रोजच्यासारखे 'राम राम' घातल्यागत माझ्या रिसीव्हरवर टिचकी मारून. मला त्याला काहीच सांगता येत नव्हते. इतके एकटे मला फळीवरही कधी वाटलेले नाही.

गावाजवळच्या सरोवरावरून गार वारा सुटला होता. प्रेक्षक इतके थोडे होते, की कुणी खोकले तरी कुंपणापर्यंत ऐकू येई. आमचा संघ एका धावेने पुढे होता. शेवटच्या डावात पाहुण्यांचे दोन गडी बाद झाले आणि एकजण धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर पोचला. आमचा पिचर पुरता दमला होता. आणखी एक गडी बाद केला की सामना आमचा.

इथे तुम्हाला आणखी एक माणूस माहीत असायला हवा. आमच्या बाकावर रॉय टॅकेट नावाचा जवान पिचर होता. भन्नाट वेगाने येणाऱ्या चेंडूला तिकडची माणसे 'गॅस' म्हणतात, आणि रॉयकडे दुसरे काही नव्हतेच, म्हणून सगळे त्यालाच गॅस म्हणत. त्याचे खरे नाव लोमॅक्सलाही आठवत नसावे.

मी वाजलो. शेंगदाणे सोलणारी बोटे थांबली. कॅस नाडीकडे वाकला.

ड्युई उठला, त्याने मला उचलले, आणि डाव्या कानाला लावले.

मला वाटले, विसरला. पण तो इतक्या वर्षांत कधी विसरला नव्हता.

"ड्युई, गॅसला उठव," पलीकडून लोमॅक्स म्हणाला. शब्द माझ्यातून स्वच्छ गेला, ना खरखर ना घरघर. गेला तो थेट त्या रविवारच्या दुकानात.

"बरं," ड्युई म्हणाला आणि मला जागेवर ठेवून वळला. "कॅस, ऊठ."

कॅस उठला नाही. त्याने मागे वळून पाहिले. "मी?"

"दुसरा कुठला कॅस आहे इथं?"

गॅस हातमोजा घेऊन अर्धा उठला होता. "मला वाटलं, की मलाच..."

"तुला वाटायचा पगार मिळत नाही. बस खाली."

कॅस उभा राहिला. जाळीपलीकडे बाप चाकूने कांदा चिरत होता.

"तातो."

"काय?"

"बोलावलंय."

म्हाताऱ्याने चाकू मिटला, पावावर डब्याचे झाकण बसवले, कोटाची सगळी बटणे लावली, आणि नीट ताठ बसला.

कुंपणाच्या फळ्यांमुळे डगआउटमधून बुलपेनमधल्या फक्त टोप्या दिसत, आणि टोप्या सगळ्यांच्या सारख्याच. त्यामुळे आत कुणाचा हात गरम होतो आहे, ते लोमॅक्सला कळले नाही. त्याने मैदानात येऊन हात वर केला, ड्युईने फाटक उघडले, आणि कॅस बाहेर पडला. तो धावला नाही. सगळे गवत पायांखाली तुडवत चालत गेला. भोंग्यावरून त्याचे नाव पुकारले गेले. आता लोमॅक्सचे काही चालणार नव्हते. नाव पुकारले की पिचरने निदान एका फलंदाजाला तरी चेंडू टाकलाच पाहिजे, असा नियम आहे. फळ्यांच्या वरून मला लोमॅक्स दूरवर कमरेवर हात ठेवून उभा दिसला. मग तरातरा डगआउटकडे गेला.

आणि मी वाजू लागलो.

"ड्युई, फोन," गॅस म्हणाला.

"कुठं?"

"अरे, तुझ्या डोक्यापाशी!"

"मला नाही बाबा ऐकू येत," ड्युई म्हणाला आणि दोन्ही हात खिशात घालून खेळ बघू लागला.

मी वाजत राहिलो. फोनचा जन्म उचलला जाण्यासाठी असतो. न उचललेली एक एक घंटी अंगाला लागते. पण त्या दिवशी, आयुष्यात एकदाच, मला कुणी उचलू नये असे मनापासून वाटत होते.

कॅसचा पहिला चेंडू गेला. हळू, तसाच लाजत. फलंदाजाने आधीच बॅट फिरवली आणि तोंडावर पडता पडता वाचला. "काय झालं?" म्हाताऱ्याने जाळीतून विचारले. "फार छान झालं," ड्युई म्हणाला. दुसरा चेंडू मात्र वळायचा विसरला. बॅटीचा आवाज आला आणि बाकावरच्या पोरांनी डोळे मिटले. चेंडू वर गेला, वाऱ्यावर चढला, कुंपण ओलांडून थेट आमच्या कोंडवाड्यात आला आणि माझ्या खालच्या भिंतीवर आपटून बाकाखाली घरंगळला.

होमरन. पाहुण्यांच्या दोन धावा झाल्या आणि आमच्या हातचा सामना गेला.

सगळे मैदान चिडीचूप झाले. त्या शांततेत माझी घंटी वाजत होती, आणि दुसरा एक आवाज येत होता. टाळ्यांचा. पोलादाने राठ झालेल्या दोन हातांच्या टाळ्या. अंतोनी ग्राबोव्स्की बाकावर चढून उभा राहिला होता.

"माझा मुलगा!" तो ओरडत होता. "तो माझा मुलगा आहे! काझ्यो!"

शेजारच्या जाड्याने तोंड उघडले. ड्युईने जाळीतून त्याच्याकडे असे पाहिले, की त्याने ते मिटले. थोड्या वेळाने त्याने पिशवी पुढे केली. "घ्या, शेंगदाणे घ्या," तो म्हणाला.

दूर मैदानाच्या मध्यावर कॅस मान खाली घालून उभा होता. टाळ्या ऐकून त्याने वर पाहिले. बाप कुठल्या आनंदात आहे ते त्याला समजायला अंमळ वेळ लागला. मग त्याचे खांदे हलले. तो हसला की रडला, ते इतक्या लांबून मला सांगता येणार नाही. त्याने टोपी काढली आणि बाकावर उभ्या असलेल्या त्या एकट्या माणसाकडे तोंड करून उंच धरली.

ड्युईने बाकाखालून चेंडू काढला आणि जाळीवरून पलीकडे दिला. "हा घ्या. तुमच्या मुलाचा."

"मी ठेवू?"

"तुमचाच आहे तो."

म्हाताऱ्याने चेंडू डब्यात, पावाशेजारी ठेवला.

मग कुठे ड्युईने मला उचलले, उजव्या कानाला. लोमॅक्सच्या तोंडून काय काय निघाले ते मी मुलांसमोर सांगणार नाही. "गॅस म्हणालो मी, बहिऱ्या! गॅस!"

"अरेच्चा," ड्युई म्हणाला. "मला कॅस ऐकू आलं. हा फोन फार जुना झालाय, बर्ट. खरखरतो."

मित्रांनो, मी जन्मात कधी खरखरलो नव्हतो. पण त्या दिवशी मी आळ घेतला आणि गप्प राहिलो. पुढच्या वसंतात मला उतरवून माझ्या जागी नवा फोन बसवला. भंगारवाला न्यायला आला तेव्हा ड्युई म्हणाला, "हा माझा," आणि मला काखेत मारून घरी घेऊन गेला.

त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी बरीच वर्षे होतो. माझ्या मागून तारेचा तुटका शेंडा लोंबत असे, आणि तो कशालाच जोडलेला नव्हता. ड्युईची बायको आधीच वारली होती. तो कधीकधी जेवता जेवता उठून मला उजव्या कानाला लावी आणि विचारी, "कोण हवंय?" थोडा वेळ थांबे, मग म्हणे, "नाही, आज कुणी नाही." मग मला पुसून जागेवर ठेवी. आम्ही दोघेही एकटेच होतो. फक्त एका घरात होतो, इतकेच.

एका हिवाळ्यात कॅस आला. केस पांढरे, हातात टोपी. बापाला पुरून तो सरळ इकडेच आला होता.

"चेंडू शवपेटीत ठेवला," कॉफीचा कप हातात घेत तो म्हणाला. "मरेपर्यंत मिलच्या दोस्तांना सांगायचा. माझ्या काझ्योचा चेंडू सगळं कुंपण ओलांडून गेला म्हणून. त्यांना सगळ्यांना खेळ कळतो, ड्युई. आज सगळे आले होते. एकानंसुद्धा त्याला कधी सांगितलं नाही."

"भली माणसं," ड्युई म्हणाला.

कॅसने कप खाली ठेवला. "एक विचारू? दुसऱ्या दिवशी लोमॅक्सनं मला मोकळं केलं, तेव्हा म्हणाला, की मी तुला बोलावलंच नव्हतं. खरं सांग. त्या दिवशी फोनवर माझं नाव होतं का?"

ड्युई कॉफी ढवळू लागला. तो साखर घेत नसे. "मला काय विचारतोस? मी बहिरा. फोनला विचार."

कॅस उठला. माझ्यासमोर आला, रिसीव्हरवर टिचकी मारली, मग तो उचलून कानाला लावला. लोंबणारा तारेचा शेंडा त्याला दिसत होता. तरी तो तिथेच उभा राहिला, अगदी लक्ष देऊन ऐकत. माझ्यात तेव्हा काहीही नव्हते, मित्रांनो, एक अक्षरही नाही. पण मी उभ्या जन्मात काही मनापासून सांगायचा प्रयत्न केला असेल, तर तो त्या वेळी.

"काय म्हणतोय?" ड्युईने पाठ न वळवता विचारले.

"माझंच नाव घेतोय," कॅस म्हणाला, आणि त्याने मला हळूच जागेवर ठेवले.

आता ड्युई नाही. कॅसही नसावा. त्या घरातले सामान विकले गेले, आणि मी या फळीवर आलो. मला पुसा, मला विकत घ्या, असे मी म्हणणार नाही. म्हणालो तरी तुम्हाला टोस्टरच आवडणार. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या मैदानाच्या कडेला, तुमच्या घराच्या एखाद्या खोलीत कुणीतरी बसलेले असेल. त्याला विचाराल तर तो म्हणेल, मला काही नको. पण खेळात नावे घेतली जाऊ लागली, की तो न सुटलेली नाडी बांधायला खाली वाकेल. एवढी खूण लक्षात ठेवा.

त्याला एकदा नावाने हाक मारा. निरोप दुसऱ्याच्या नावाचा असला तरी मारा. आणि कुणी रागावून विचारलेच, तर खुशाल सांगा, फोन खरखरत होता. तो आळ घ्यायला मी अजून इथे फळीवर आहे.